रांगेच्या शेपटाकडून

"पुन्हा गंजकी तलवार! रायाजी, डोळे आहेत की खाचा?"

तांबडगडचे हैबतराजे कडाडले आणि हवालदार रायाजीची मान खाली गेली. दसऱ्याआधी शिपायांच्या तलवारी तपासायच्या आणि गंजकी दिसली की तिच्या धन्याला रांगेबाहेर काढायचं, हे त्याचं काम. पण महाराजांची शिस्त भारी हट्टी! रांगेत बारा शिपाई, नगाऱ्याचे बारा टोले. दर टोल्याला हवालदाराने पुढच्या जागेसमोर जायचं. मागे फिरायचं नाही. आणि कोणी बाहेर गेला की रांगेत खिंडार दिसता कामा नये. मागच्यांनी तत्काळ पुढे सरकायचं!

"परवा पुन्हा तपासणी! एक जरी गंजकी सुटली, तर तुझी तलवार ठेव आणि गड उतर!"

रायाजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. "ठके, सगळी हयात चाकरीत घातली, आता गड सोडायची पाळी आली गं!"

त्याची लेक ठकू जिभेने तिखट, डोक्याने त्याहून. तिने ओट्यावर बारा चिंचोके ओळीने मांडले. तिसऱ्याला आणि चौथ्याला काजळ फासलं. "हं आबा, करा तपासणी."

रायाजीने तिसरा चिंचोका उचलला. ठकूने मागचे सगळे पुढे सरकवले. रायाजीचं बोट चौथ्या जागेवर गेलं.

"थांबा! दुसरा काळा कुठंय?"

"तो... अगं, तो तिसऱ्या जागेवर सरकला की! मी पुढं आलो, तो मागं राहिला!"

"आणि बाराव्या टोल्याला काय करता?"

रायाजी ओशाळला. "समोर कुणीच नसतं, नुसती मागची भिंत. हुकूम आहे म्हणून भिंत तपासतो."

हसू नका! आजही संख्याशास्त्राची आकडेमोड करणाऱ्या संगणकाला, यादीतले नको ते नग काढत पुढे जायचा असाच हुकूम द्या. तोही काढलेल्याच्या मागचा नग गाळतो आणि शेवटी यादीबाहेरची रिकामी जागा, म्हणजे त्याची भिंत, मुकाट्याने तपासतो.

ठकूने बापाच्या कानात काहीतरी सांगितलं.

तपासणीचा दिवस उजाडला. महाराजांनी मुद्दाम गंजक्या तलवारींचे पाच जण शेजारी शेजारी उभे केले होते. पहिला टोला पडला आणि रायाजी थेट रांगेच्या शेपटाशी! एकेका टोल्याला एकेक जागा पुढे. गंजका बाहेर गेला की त्याच्या मागचे सरकत, पण ते सगळे आधीच तपासलेले. ज्यांची तपासणी व्हायची होती ते जागचे हललेच नाहीत! पाचही गंजके सापडले, आणि शेवटच्या टोल्याला समोर भिंत नव्हती, रांगेतला पहिला शिपाई होता.

"दगा!" महाराज ओरडले. "मागे फिरायचं नाही, असा हुकूम होता!"

बघ्यांच्या गर्दीतून ठकू पुढे झाली. "आबा फिरलेच नाहीत, महाराज! शेपटाकडून निघाले ते सरळ पुढंच गेले. सुरुवात कुठून करायची, ते हुकमात कुठं होतं?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला, सोडला, पुन्हा दिला, आणि खो खो हसत सुटले. "माग पोरी, काय हवं ते!"

"आबांची चाकरी राहू द्या. आणि त्या भिंतीलाही काही द्या, महाराज. दर दसऱ्याला तपासली, पण कधी गंजकी निघाली नाही!"

महाराजांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, आणि भिंतीला सगळ्या शिपायांदेखत वाकून मुजरा केला!