निपचित बसण्याचा धडा

माळावर अजून पायवाटही पडली नव्हती, त्या काळी एक म्हातारी टिटवी पिलांची शाळा घ्यायची. धडा एकच: बाई ओरडल्या की जमिनीला चिकटून निपचित बसायचं.

एकदा ठिपकी नावाच्या पिलाने विचारलं, "पण बाई, का बसायचं?"

"फार शहाणी झालीस! आम्ही नाही हो कधी आमच्या बाईंना असलं विचारलं. बस खाली."

चैत्रात गवताला वणवा लागला. टिटवी सवयीने ओरडली आणि सगळी पिलं निपचित बसली. ठिपकी मात्र उठली.

"हलू नकोस म्हटलं ना!"

"बाई, हललं की ससाण्याला दिसतं, म्हणून बसायचं. मी बघून ठेवलंय. आगीला कुठे डोळे असतात?"

टिटवीला आपली भावंडं आठवली. अशाच एका वणव्यात ती सगळी शहाण्यासारखी बसून राहिली होती. धडा विसरून पळालेली टिटवी एकटी वाचली, आणि त्याचीच तिला जन्मभर लाज वाटत आली होती.

"पळा रे!" ती ओरडली.

सगळी पिलं ओढ्यापलीकडे पोचली.

दुसऱ्या दिवशी टिटवीने तोच धडा सांगितला आणि ती थांबली.

"पुढे काय, बाई?"

"पुढे तुम्ही विचारायचं."