वडिलांची तिथी

एकदा एका वृद्ध प्रवचनकारांना आपल्याच शिष्याचा संशय येऊ लागला. शिष्य गुणी होता, वाणी रसाळ होती. पण कोणत्याही श्लोकाचा अर्थ सांगता सांगता तो हटकून आपल्या वडिलांच्या मृत्यूवर येई. दारूपायी वडील गेले, आई उघड्यावर पडली आणि आपण देवाचे पाय धरले, हे सांगताना त्याचा कंठ दाटे. बायाबापड्या रडत. गावोगावची आमंत्रणे आता गुरूंना सोडून त्याला येत. गुरूंना थोडा मत्सर वाटलाही असेल, तेही माणूसच. पण त्यांना खटकत होते ते वेगळेच. एका गावी वडील विहिरीत पडून जात, दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळून.

एके दिवशी त्यांनी सहज विचारले, "बाळ, पितृपक्ष आला. वडिलांची तिथी कोणती?"

शिष्य अडखळला. "ते... आईला ठाऊक, गुरुजी."

तिथी एखादा विसरतोही. पण याचा कंठ मात्र दर वेळी अगदी वेळेवर दाटतो, हे गुरूंच्या मनातून जाईना.

पुढचे प्रवचन देवीच्या देवळात होते. गुरू लोकांत जाऊन बसले आणि वक्त्याकडे न बघता श्रोत्यांकडेच बघत राहिले. शिष्य रंगात आला. "वडील गेले आणि माझ्या आईचं कपाळ पांढरं झालं!" बायांनी डोळ्यांना पदर लावले. मागच्या खांबाशी बसलेल्या एका बाईने मात्र पदर कपाळाला लावला आणि कुंकू पुसून टाकले. तिचे नाकडोळे थेट शिष्यासारखे होते.

गुरू उठले. देवीपुढची कुंकवाची वाटी घेऊन ते शिष्यासमोर उभे राहिले.

"थांब. ही वाटी त्या खांबाशी बसलेल्या बाईंना नेऊन दे."

"भर प्रवचनात?"

"आत्ताच."

सभेत कुजबुज झाली. म्हाताऱ्याला शिष्याचे यश बघवत नाही, असे कुणी म्हणालेही. शिष्य नाइलाजाने खांबाशी गेला आणि जागीच थिजला. ती त्याची आई होती. न कळवता लेकाचे प्रवचन ऐकायला आली होती.

"आई, हे काय केलंस? बाबा घरी..."

"हळू बोल रे. माझं कुंकू बघून कुणी विचारलं असतं, तर तू खोटा पडला असतास. घरी गेल्यावर लावीन. त्यांना नको सांगूस हे. दारू सुटून इतकी वर्षं झाली, तरी मान खाली घालून चालतात ते."

गुरू मागोमाग आले होते. ते म्हणाले, "आपली म्हणून जी गोष्ट आपण सांगतो, ती एकट्याची कधीच नसते. तिच्यात घरची माणसं राहत असतात. तू लोकांना रडवलंस. पण तुझं खोटं तगवायला हिला नवरा जिवंत असताना कपाळ पुसावं लागलं. आता सांग, ही गोष्ट तू कुणाला विचारून सांगितलीस?"

लाजेने शिष्याचा चेहरा काळवंडला. त्याने वाटी पुढे धरली. आईने बोट टेकवले, पण कपाळाशी नेलेला हात थांबला. ती लेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

तेव्हा तो सभेकडे वळला. "माझे वडील जिवंत आहेत. त्यांनी दारू केव्हाच सोडली. त्यांचं मरण मी रचून सांगत होतो."

या वेळी त्याचा कंठ दाटला नाही आणि सभेत कुणी रडलेही नाही. आईने कुंकू लावले.