सोमिलाने खाली ठेवलेली शलाका

फार पूर्वी वेत्रपुरात उग्रतेज राजाचा अंमल होता. त्या जन्मी बोधिसत्त्व एका विणकराच्या घरी जन्मला होता आणि त्याचे नाव सोमिल होते. तो हातमागावर म्हातारा झाला, तेव्हा नगरजनांनी त्याला सात ज्येष्ठांच्या सभेत बसवले.

त्या नगराची रीत अशी होती, की मोठ्या अधिकारपदासाठी राजाने नाव सुचवावे. पण सभेच्या संमतीवाचून त्या माणसाच्या हाती मुद्रा येत नसे. तो तीन दिवस सभेपुढे उभा राही. नगरातल्या कोणीही त्याला प्रश्न विचारावा. मग प्रत्येक ज्येष्ठ घटात एक शलाका, म्हणजे मताची काडी, टाकी. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार.

एके वर्षी बंदिशाळेचा अधिकारी वारला आणि राजाने कालसेनाचे नाव पाठवले. कालसेन सीमेवरच्या किल्ल्याचा नायक होता. दोन दिवस त्याने चोख उत्तरे दिली. तिसऱ्या दिवशी रेवा नावाची कुंभारीण पुढे आली.

"माझा नवरा तुमच्या किल्ल्यात बंदी होता," ती म्हणाली. "तीन महिन्यांची शिक्षा होती. तो परत का नाही आला?"

"तापाने गेला."

"मग त्याचं प्रेत मला का दिलं नाही?"

तेव्हा सोमिलाने विचारले, "नायका, त्या वर्षी तुझ्याकडे बंदी किती होते?"

"चाळीस."

"आणि वर्षअखेरीस?"

"अकरा." कालसेनाने नजर खाली केली नाही. "ज्येष्ठ, भुकेला बंदी पळत नाही. माझ्याकडचा एकही पळाला नाही."

त्याच दुपारी राजाचा अमात्य सोमिलाच्या घरी आला. सोमिलाचा एकुलता एक मुलगा नंदिल त्या वेळी नगराच्या बंदिशाळेतच होता. राजाच्या हत्तीने शेते तुडवली म्हणून त्याने माहुताला खाली ओढले होते, आणि त्यासाठी तो वर्षभराची शिक्षा भोगत होता.

"उद्या तिघे पांढरी टाकणार, तिघे काळी," अमात्य म्हणाला. "तुमची पांढरी पडली, की नंदिल जेवायला घरी."

"आणि काळी पडली तर?"

"बंदिशाळा राजाची आहे."

अमात्य गेल्यावर सोमिलाची बायको चित्रा दारात येऊन उभी राहिली. "आत दोनशे जण आहेत आणि त्यांनाही आया आहेत, असं तुम्ही मला सांगणार. सांगू नका, मला कळतं ते. पण मी ह्याची आई आहे."

सोमिल मागावर जाऊन बसला, पण त्याला एक धागाही ओवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने काळी शलाका टाकली. कालसेनाला नकार मिळाला.

पुढे पावसाळा आला. दरवर्षीप्रमाणे सभा चार महिन्यांसाठी बंद झाली आणि ज्येष्ठ आपापल्या कामाला लागले. सभा बंद असताना एखादे पद रिकामे असेल, तर ती पुन्हा भरेपर्यंत राजाने तिथे तात्पुरता माणूस नेमावा, असाही एक नियम होता. पहिल्याच दिवशी राजाने कालसेनाच्या हाती बंदिशाळेची मुद्रा दिली.

दुसऱ्या महिन्यात नंदिल गेला. प्रेत घरी पाठवण्यात आले. ते उचलायला शेजारी धावले, पण सोमिलाने त्यांना थांबवले. एकट्याला उचलता येईल इतकेच ते उरले होते. त्या दिवसापासून चित्रा त्याच्याशी बोलली नाही.

शरदात सभा भरली आणि कालसेन पुन्हा संमतीसाठी उभा राहिला. सोमिलाच्या हातात काळी शलाका होती. त्याने कालसेनाकडे पाहिले, आणि आपल्याला काय हवे आहे ते त्याला स्वच्छ दिसले. हा माणूस पदावरून जाणे त्याला पुरेसे नव्हते. तो त्याच कोठडीत उपाशी मरायला हवा होता. सोमिलाचा हात थांबला. तो उठला आणि त्याने शलाका आसनावर ठेवली.

"माझ्या मनात ह्याच्याविषयी वैर आहे. मी ह्याचा निवाडा करणार नाही."

उपसाल नावाच्या ज्येष्ठाने मागे पांढरी टाकली होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "भल्या माणसा, तीन-तीन पडल्या तर राजाचीच इच्छा चालते!"

"ठाऊक आहे," सोमिल म्हणाला. तो पायऱ्या उतरला आणि साक्षीदार उभे राहतात तिथे, रेवाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "मी नंदिलाचा बाप. त्याचं प्रेत मी एकट्याने उचललं. माझं वय सत्तर आहे. एवढीच माझी साक्ष."

सहा शलाका पडल्या. घट उपडा केला तेव्हा सहाही काळ्या निघाल्या.

लोक कालसेनाला ओढत नेऊ लागले. "कोंडा ह्याला, उपाशी मारा!" असा ओरडा झाला. सोमिल आडवा आला. "न्यायाधीश काय ते ठरवतील. तोवर ह्याला रोज पोटभर जेवायला द्या," तो म्हणाला. काही जण त्याच्यावर थुंकलेही.

बंदिशाळा उघडली तेव्हा दोनशेंपैकी एकशेतीस जण बाहेर आले, काही दुसऱ्यांच्या खांद्यावर. फाटकापाशी चित्रा पेजेचे मडके घेऊन बसली होती. तिने एकेकाला पेज पाजली. सोमिल पळ्या धुऊन देत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, पण त्याला जा असेही म्हटले नाही.

विहाराचा कोठारी निवडण्यासाठी भिक्षू जमले होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. ज्याचे नाव पुढे आले होते, त्याने आपला अपमान केला होता म्हणून भिक्षू सुपर्ण रागाने त्याच्याविरुद्ध टाकायला शलाका मागत होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उपसाल म्हणजे आजचा सुपर्ण. कालसेन म्हणजे ज्याच्यावर तो रागावला आहे, तो भिक्षू दारुक. रेवा म्हणजे भिक्षुणी भद्रसेना. आणि सोमिल मीच होतो. पुत्रशोकातही ज्याने न्यायाचा तराजू वैराच्या हाती दिला नाही, त्याच्या त्या गुणाला उपेक्षा पारमिता, म्हणजे राग-लोभात मन समतोल ठेवण्याची परिपूर्णता, म्हणतात."