यंत्र खडकावर, शाळा मातीवर

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही! भूकंपाच्या नोंदीत धक्का किरकोळ आहे. नव्या शाळेला बारीक खांब पुरतील,” मुळजकर इंजिनिअर कागद आपटत म्हणाले.

“किरकोळ? जुन्या शाळेखाली अकरा पोरं गेली. त्यात माझी नात व्हती,” केवळाबाई कडाडली. “यंत्र कुठं ठिवलंय तुमचं?”

“तालुक्याला. पक्क्या खडकावर.”

गाव मात्र नदीकाठच्या काळ्या मातीवर; खडकावर किरकोळ वाटणारा धक्का अशा मऊ मातीत कितीतरी जोरानं बसतो. साहेबांचे बूटसुद्धा त्याच मातीनं माखले होते, पण खाली बघतंय कोण?

“तीस किलोमीटरनं असा काय फरक पडतो?” साहेब हसले.

केवळाबाई उठली.

“फरक पडत नसंल, तर शाळा त्या यंत्राशेजारीच बांधा साहेब, पोरं तीस किलोमीटर चालतील, पण जित्ती घरी येतील.”