तान्हाक्काचे दोन फोटो

सूतगिरणीत उभं राहून राहून तान्हाक्काची कंबर कायमची धरली होती. बसून करायचं काम मिळायला गिरणीच्या डॉक्टरांची सही हवी. त्यांनी तिच्या कमरेचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला.

"मणके ठणठणीत! दुखतंय कसलं? नाटकं नुसती!"

तान्हाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पिशवीतून दुसरा फोटो काढला.

"मग ह्याचं सांगा, साहेब."

"अरेरे! पार झिजलेत मणके. हा बिचारा अंथरुणातून उठत नसेल."

"बाळाप्पा भावजी, आत या!"

दारातून धिप्पाड हमाल आत आला.

"हे माझे दीर. फोटो यांचाच, पोटदुखीसाठी काढलेला. यांची कंबर कधी दुखली नाही. आत्ता मला पाठीवर घेऊन जिना यांनीच चढवला. आता एक तर यांना अंथरुणात झोपवा, नाही तर मला बसायला स्टूल द्या!"

डॉक्टरांनी सही केली.