सात गावं आणि मधली पायरी

एका राज्यात सात गावं होती आणि तळं एकच होतं. हळूच सांगतो, घाई कशाला?

ते तळं कालकंठ जादूगारानं एका फुंकरीत खोदलं. त्याच्या बांधाला बाहेरून वीस पायऱ्या. पाणी कितव्या पायरीइतकं ठेवायचं आणि बाकीचं पाटाला सोडायचं, ते दरसाल सात गावांनी सांगायचं. कालकंठाची अट एकच होती : सांगाल ते मनातलं सांगा.

रीत अशी, की सातही पाटलांचे आकडे राजा धवलकेतू एकत्र करी आणि सातांत सारखे वाटी. येईल ती पायरी. वरची गावं मासेमारांची, त्यांना पाणी भरपूर हवं. खालची भाताची, त्यांना पाटात हवं. मग काय झालं? ज्याच्या मनात अठरा, तो म्हणे वीस. ज्याच्या मनात चार, तो म्हणे शून्य. आकडा जितका ओढावा, तितकी पायरी आपल्याकडे सरके. दोन सालं खपलं. तिसऱ्या साली पाणी काळा दगड झालं.

दुलबा पाटकरी, म्हणजे पाटाला पाणी सोडणारा, तेव्हा तळ्याच्या दारापाशी गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याचेही पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले.

कालकंठ बांधावर प्रगटला. म्हणाला, "राजा, गावांना आणखी तीनदा विचारून बघ. सातही तोंडं खरं बोलली तर पाणी वाहील. तिसऱ्यांदा चुकलास तर पाटकरी डोक्यापर्यंत दगड."

दुलबाची लेक भिवरा बापाचा हात धरून बसली.

राजानं पहिल्यांदा शपथ घातली आणि जुन्याच रीतीनं विचारलं. शपथा सगळ्यांनी घेतल्या, आकडेही सगळ्यांनी ओढले. दगड दुलबाच्या कमरेला आला.

दुसऱ्यांदा राजा म्हणाला, "ज्या आकड्याला जास्त गावं, तो आकडा." पाटील चिंचेखाली जमले. कुजबुजले. तीन गावांनी मिळून पाच म्हटलं, आणि पाच तर त्यांतल्या एकाच्याही मनात नव्हतं! दगड गळ्याशी आला.

प्रधान म्हणाला, "महाराज, विचारूच नका. आपण सांगाल ती पायरी. मग खोटं बोलायला कोणाला कारणच उरणार नाही."

बांधावरच्या टिटवीनं मान वर केली. "खोटं उरणार नाही, आणि तोंडही उरणार नाही. राजा, तुझी माणसं खोटी नाहीत. तुझी रीत खोट्याला बक्षीस देते."

"मग खरी रीत कोणती?" राजानं विचारलं.

टिटवी घरट्याकडे वळली. तिच्या घरट्याशी सात खडे एका ओळीत होते. तिनं टोकाचा खडा चोचीत धरला आणि त्याच ओळीत हातभर लांब नेऊन ठेवला. मग परत येऊन मधल्या खड्यावर उभी राहिली. मधला होता तिथंच होता.

राजाला काही उमगलं नाही. भिवरा मात्र उठली.

"महाराज, आकडे एकत्र करू नका. सातही पाटलांना ज्याच्या त्याच्या पायरीवर उभं करा. ज्याच्या वर तिघं आणि खाली तिघं, त्याची पायरी धरा."

वरच्या गावचा रणबा पाटील हसला. "पोरी, मी अठरावरनं विसावर गेलो तर?"

"जा पाटील. मधला हलायचा नाही. तुमचे गुडघे तेवढे दुखतील."

खालचा सोनजी पाटील मिशीत म्हणाला, "आणि मी चारावरनं उडी मारून मधल्याच्याही वर गेलो तर?"

"मग मधला वर सरकेल, तुमच्यापासून आणखी लांब. तुमचंच भात वाळेल."

"अरे, ही तर बापापेक्षा वस्ताद!" सोनजी म्हणाला.

राजानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि पाटील पायऱ्या चढले. रणबा खरंच विसावर जाऊन उभा राहिला. खाली बघितलं : मधली आंबेघरची म्हातारी पाटलीण, नवव्या पायरीवर, काठी टेकून. हलली नाही. रणबा मुकाट दोन पायऱ्या उतरला. सोनजीनं पाय उचलला, मोजलं, आणि चारावरच परत टेकला. चार, सहा, सात, नऊ, बारा, पंधरा, अठरा. प्रत्येकजण आपल्या मनातल्या पायरीवर, छाती काढून.

कड्‌ असा आवाज झाला. दगडाला चीर गेली, चिरेतून पाणी उसळलं, आणि दुलबाचा गळा, छाती, कंबर, गुडघे एकामागून एक मोकळे झाले. भिवरानं बापाला मिठी मारली. कालकंठानं बांधावरच्या सातांना हात जोडले, राजाला नव्हे, आणि तो धुक्यासारखा विरला.

दुलबानं पहिलं काम काय केलं? दाराच्या चाकाला हात घातला.

"कितव्या पायरीवर ठेवू?"

"नऊ," भिवरा म्हणाली.

"कोणी ठरवलं नऊ? महाराजांनी?"

राजानं तोंड उघडलं होतं, पण वरून सात गळे एकदम गरजले, "आम्ही!"

राजा हसला आणि मागं सरला. चाक फिरलं, पाट खळाळला. त्या राज्यात अजून दरसाल बांधावर पाटील असेच ताठ उभे राहतात, आणि मधली पायरी धरून तळं भरतं. तुमचंही असंच भरो.