साठातले पंचेचाळीस

"आणि ज्यांनी अंगारा घेतला नाही, ते?" गैबीनाथांनी विचारलं.

म्हाळू गोंधळला. शाबासकी मिळेल म्हणून मठाची चढण तो धापा टाकत चढून आला होता. गावात तापाची साथ होती. मठाच्या धुनीतला अंगारा साठ जणांनी लावला, पंचेचाळीस उठून बसले. सगळं वहीत नावानिशी होतं. त्याची आईही पाच दिवस तापानं फणफणत होती. भाऊ तिला दवाखान्यात न्यायला जीप घेऊन आला, ती म्हाळूनंच अडवून धरली होती.

"ते चाळीस, महाराज. त्यांचं काय?"

"बरे किती झाले?"

"तीसच. आपले पंचेचाळीस." म्हाळू जरा ताठ्यानंच बोलला.

"म्हणजे गावातल्या शंभरात पंचाहत्तर बरे."

गुरूंनी झोळीत पंचाहत्तर चिंचोके टाकले, वर पंचवीस वाल.

"चिंचोका म्हणजे बरा झालेला. वाल अजून अंथरुणात. आता माझ्या अंगाऱ्यात काडीचा गुण नाही, असं धरून चाल."

"असं कसं धरू, महाराज?"

"नुसतं धर रे. न बघता साठ काढ."

म्हाळूनं काढले. चव्वेचाळीस चिंचोके निघाले. सगळं परत टाकून, ढवळून पुन्हा काढले. सेहेचाळीस.

"आता हिशेबानं सांग. गुण नसता, तर साठात किती बरे व्हायचे?"

शंभरात पंचाहत्तर, तर साठात... म्हाळूनं बोटांवर त्रैराशिक मांडलं. मोडलं, पुन्हा मांडलं.

"पंचेचाळीस."

"आणि वहीत?"

वही उघडायची गरज नव्हती. म्हाळूला गुरूंचा राग आला, आईच्या जिवाची भीती वाटली, आणि यातलं आधी काय करावं तेच त्याला सुचेना.

"मग तुम्ही अंगारा देता तरी कशाला?"

गुरू चिंचोके आणि वाल झोळीत परत भरू लागले.

"आईसाठी पुडी न्यायला आलो होतो मी," म्हाळू पडेल आवाजात म्हणाला. "जीप अजून खाली उभी आहे."

गुरूंनी धुनीत हात घातला. म्हाळूनं सवयीनं पुडीचा कागद पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि राखेची चिमूट म्हाळूच्याच कपाळाला लावली.

"हा तुला," ते म्हणाले. "ताप तिला आहे."